दोरी ओढण्याचा हक्क : सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारी, तपासणारी आणि रात्री-बेरात्री ते चालू ठेवणारी माणसं आहोत. हिंजवडी, खराडी, ऐरोली, नागपूरचं मिहान, पणजी इथली. शिवाय बंगळूर, फ्रँकफर्ट आणि न्यू जर्सीत बसून मराठीत कुरकुर करणारी. कुणाच्या कार्डावर इंजिनिअर लिहिलंय, कुणाच्या कन्सल्टंट, कुणाच्या नुसतंच असोसिएट. आमची मागणी एकच आहे. दोष ज्याला दिसला, काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याच हातात असला पाहिजे. या जाहीरनाम्यात पुढे जे काही आहे ते या एका मागणीसाठी लागणारं सामान आहे.

प्रक्रिया म्हटलं की आमच्यातल्या निम्म्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी प्रक्रिया पाहिली ती ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी. जी रिव्ह्यूची बैठक झालीच नाही तिचं इतिवृत्त त्या संध्याकाळी लिहिलं जातं. टेस्ट केसच्या एक्सेल शीटमध्ये एका खान्यात ‘पास’ लिहून माऊस खाली ओढला की दीडशे ओळी एका दमात हिरव्या होतात. मग तारखा थोड्या मागेपुढे केल्या जातात, कारण सगळ्या टेस्ट एकाच मिनिटाला पास झालेल्या बऱ्या दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑडिटर येतो, शीट पाहतो, चहा घेतो, दोन किरकोळ निरीक्षणं लिहून जातो. दोष जिथे होता तिथेच राहतो.

मुळात हे असं व्हायचं नव्हतं. १९८४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. आयबीएममधून तिथे आलेल्या वॉट्स हम्फ्री यांच्या कामातून सीएमएम हा पाच पातळ्यांचा आराखडा उभा राहिला. प्रश्न रास्त होता : ज्याला कंत्राट द्यायचं त्याला काम खरोखर जमतं, की दोन-तीन हुशार माणसांच्या जिवावर ते कसंबसं निभावतं, हे आधी कसं ओळखायचं? उत्तरही रास्त होतं. पाचव्या पातळीचा अर्थच मुळी असा, की चुकांच्या नोंदींतून कामाची पद्धत सतत सुधारत राहते. भारतीय कंपन्या १९९० च्या दशकात ही शिडी झपाझप चढल्या. ज्या गिऱ्हाइकाने भारतात कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्याचा विश्वास बसायला ते प्रमाणपत्र लागत होतं, आणि ते मिळवणाऱ्या पहिल्या पिढीने त्यासाठी मनापासून कष्ट उपसले. पण प्रमाणपत्र निविदेला जोडायचा कागद झालं, तेव्हापासून पद्धत गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी उरली. काम करणाऱ्याच्या उपयोगाची ती राहिली नाही.

मग २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जेमतेम पानभर जाहीरनामा लिहिला. कागदांच्या थप्पीपेक्षा चालतं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, असा त्याचा रोख. त्याचंही आमच्याकडे तेच झालं. पंधरा मिनिटांची स्टँड-अप पाऊण तासाची हजेरी झाली, आणि अंदाजासाठी काढलेले स्टोरी पॉइंट ॲप्रेजलच्या तक्त्यात जाऊन बसले. (आमच्या जाहीरनाम्याचं असं होणार नाही, अशी हमी देण्याइतके आम्ही भोळे नाही. म्हणून यात पातळ्या नाहीत, प्रमाणपत्र नाही आणि दोन दिवसांचा सशुल्क कोर्सही नाही.)

आम्हाला हवंय ते या दोन्हींहून जुनं आहे. जपानमध्ये साकिची तोयोदा नावाचा माणूस माग बनवत असे. १९२४ साली सिद्ध झालेल्या त्याच्या स्वयंचलित मागाची ख्याती अशी, की धागा तुटला की तो आपणहून थांबायचा. तुटल्या धाग्यावर चालत राहिलेला माग कापड विणत नाही, सूत वाया घालवतो, हे इचलकरंजीत लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. पुढे त्याच घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात हीच कल्पना यंत्राकडून माणसाकडे आली. असेंब्ली लाइनच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. कामगाराला काही वावगं दिसलं की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, टीमचा म्होरक्या येतो, आणि त्याच्याच्याने ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. दोरी ओढायला परवानगी लागत नाही. ओढली म्हणून कुणी बोल लावत नाही. उलट दोष दिसूनही जो ओढत नाही, त्याला विचारणा होते.

आमच्याकडे ती दोरी कुठे आहे?

शनिवारी पहाटे दोनचा रिलीज. कॉलवर बत्तीस नावं, बोलणारी चार. तपासणी करणाऱ्या मुलीला स्टेजिंगवर एक व्यवहार दोनदा पडलेला दिसलाय. फक्त एकदा दिसलाय. पुन्हा करून पाहिलं तर सगळं सुरळीत. ती चॅटवर लिहिते. उत्तर येतं : रिप्रोड्यूस होत नाहीये ना, मग लो प्रायॉरिटीला टाक, सोमवारी बघू. क्लायंटचं साइन-ऑफ येऊन पडलंय आणि चेंज विंडो चारला बंद होतेय. तिला नाही म्हणायला कुणी बंदी केलेली नाही. पण नाही म्हटलं तर पुढे काय काय होतं ते तिला पाठ आहे : एस्कलेशनची मेल, तिच्यात आपलं नाव, आणि एप्रिलमध्ये रेटिंग. ती म्यूटचं बटण दाबून गप्प बसते.

एकदाच दिसून गायब होणारा दोष अनेकदा रेस कंडिशनचा असतो. दोन क्रिया एकाच नोंदीला हात घालतात आणि कोण आधी पोचलं यावर निकाल ठरतो. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रात हेच झालं होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार झाला, त्यातल्या काहींचा त्याने जीव गेला. जुन्या यंत्रांत चुकीचा झोत अडवणाऱ्या विजेच्या नि यांत्रिक कड्या होत्या. या यंत्रात त्या काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती. यंत्र असं करूच शकत नाही, असं उत्पादक सांगत राहिला. शेवटी टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयातला भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर हे दोघे यंत्रापुढे ठाण मांडून बसले. सरावलेल्या हाताने पडद्यावरची माहिती भराभर बदलली की दोष उगवतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा घडवून दाखवलं. उत्पादकाकडचा तपासणारा ती माहिती सावकाश भरत होता, म्हणून त्याला काही दिसत नव्हतं. तेव्हा ‘पुन्हा दिसला नाही’ हा शेरा मारून तिकीट बंद करण्याची चाल आम्ही आजपासून बंद करत आहोत. जो दोष पुन्हा दिसत नाही त्याची प्रायॉरिटी वर जाईल.

थांबवण्याच्या हक्काने नेमकं काय साधतं, याचा दाखला वैद्यकातही आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ साली पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरने अतिदक्षता विभागात मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली : हात धुणं, त्वचा निर्जंतुक करणं, अशी साधीच कामं. डॉक्टरांना ती आधीपासून ठाऊक होती. नवीन होतं ते एवढंच, की डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार नर्सला दिला आणि प्रशासन तिच्या पाठीशी उभं राहिलं. जंतुसंसर्ग जवळपास नाहीसा झाला. मुळात विदर्भातल्या घराण्यातले, अमेरिकेत शल्यविशारद असलेले अतुल गावंडे यांनी हा अनुभव आपल्या लेखनातून जगभर पोचवला. वाचणाऱ्यांनी त्यातली यादी उचलली. तिला जोर देणारा नर्सचा अधिकार मात्र बऱ्याच ठिकाणी मागेच राहिला. आमच्या कंपन्यांच्या चेकलिस्टचं दुखणं हेच आहे.

लगेच आक्षेप येतो : असा हक्क दिला तर ऊठसूट कुणीही रिलीज अडवेल. मुंबईच्या लोकलच्या प्रत्येक डब्यात साखळी आहे. लाखो माणसं रोज तिच्याखाली उभी असतात, आणि तरीही गाड्या धावतात. जबाबदार माणसाच्या हाती दिलेली साखळी क्वचितच ओढली जाते. फरक पडतो तो ती आहे या जाणिवेने.

दुसरा आक्षेप वेगाचा. थांबत बसलो तर पोचायचं कधी? यावर २०१८ साली निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी हजारो लोकांच्या पाहणीतून काढलेला निष्कर्ष पुरेसा आहे : ज्या टीम वारंवार आणि छोटे बदल सोडतात त्यांचे बदल कमी बिघडतात, आणि बिघडलेच तर लवकर सावरतात. वेग आणि गुणवत्ता यांची अदलाबदल करावी लागते, ही धंद्यातली जुनी समजूत आहे, आणि पाहणीत ती टिकली नाही. ज्यांना ती अजून प्रिय आहे त्यांनी आपल्या हॉटफिक्सचे तास एकदा मोजावेत.

आता सामानाकडे वळू.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. वर चार उपग्रह होते. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत चौसष्ट बिटांची एक दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. त्या खोक्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. एरियान-४ च्या मार्गावर तो आकडा तेवढा मोठा कधीच होत नसे. एरियान-५ अधिक वेगाने आडवं सरकलं आणि आकडा मावेना. राखीव यंत्रणाही होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही त्याच कारणाने बंद पडली. इथवरची गोष्ट कॉलेजात सांगतात. चौकशी समितीच्या अहवालातला पुढचा भाग आम्हाला जास्त झोंबतो. अशा धोक्याच्या सात संख्या लिहिणाऱ्यांनी आधीच ओळखल्या होत्या. त्यांतल्या चारांना संरक्षण दिलं, तीन तशाच सोडल्या, कारण प्रोसेसरवरचा भार ठरल्या मर्यादेत ठेवायचा होता. तो निर्णय एरियान-४ साठी योग्यही होता. पण का सोडल्या, याचा उल्लेख कोडमध्ये कुठेही सापडला नाही. शिवाय हिशोबाचा तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता, जुन्या रॉकेटच्या सोयीसाठी तो चालू राहिला होता. आणि नव्या रॉकेटचा मार्ग देऊन ही यंत्रणा जमिनीवर कुणी चालवून पाहिली नव्हती.

यातून आम्ही आमच्यावर एक शिस्त घालून घेतो. कोड काय करतो हे कोड वाचून कळतं. तो असा का केला, दुसरा कोणता मार्ग का सोडला, कोणती गोष्ट गृहीत धरली, हे कोडशेजारी, त्याच रिपॉझिटरीत, दोन-चार साध्या वाक्यांत लिहिलेलं असेल. वेगळ्या शेअर्ड ड्राइव्हवरच्या ऐंशी पानी डिझाइन डॉक्युमेंटमध्ये नव्हे, कारण ते शोधायला जाणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. आणि जुना भाग नव्या कामात उचलताना ही वाक्यं आधी वाचली जातील.

१ ऑगस्ट २०१२ ची न्यू यॉर्कची सकाळ. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातली मोठी दलाल कंपनी. आठ सर्व्हरवर नवा कोड हाताने चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासायचं, असा लेखी नियमच नव्हता. आठव्यावर पॉवर पेग नावाचा २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कोडने नेमका त्याचाच फ्लॅग नव्या कामासाठी वापरला होता. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर खरेदी-विक्रीचे आदेश सोडत सुटला. गोंधळात टीमने उरलेल्या सातांवरचा चांगला कोड काढून घेतला, म्हणजे तेही बिघडले. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात आणखी एक तपशील आहे. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ मेल पाठवल्या होत्या, त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. त्या मेलना कुणी इशारा मानलं नाही, कारण इशारा म्हणून त्या आखलेल्याच नव्हत्या. रोज शेकडो स्वयंचलित मेल ज्याच्या इनबॉक्सच्या एका फोल्डरमध्ये आपोआप जाऊन पडतात, त्याला यात नवल वाटणार नाही.

आणि १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल एकाच वेळी जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. फाइल एकविसावं मूल्य मागत होती, कोड पुरवत होता वीसच. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चूक छोटीच होती. ती आधी शंभर संगणकांवर, मग हजारांवर अशी पाठवली असती तर छोटीच राहिली असती.

म्हणून रिलीज हाताने होणार नाही, स्क्रिप्टने होईल, आणि ती स्क्रिप्टही कोडसारखीच रिव्ह्यूतून जाईल. बदल टप्प्याटप्प्याने जाईल. रोलबॅकचा सराव आधी केलेला असेल. ‘गरज पडली तर करू’ म्हणून सोडलेला रोलबॅक गरजेच्या वेळी चालत नाही. वापरात नसलेला कोड काढून टाकायला प्रत्येक स्प्रिंटमध्ये वेळ राखलेला असेल. आणि शुक्रवारी संध्याकाळी काहीही जाणार नाही. यावर आम्ही चर्चा करणार नाही.

रिव्ह्यूबद्दल थोडं. मायकेल फेगन यांनी आयबीएममध्ये कोड वाचून तपासण्याची पद्धत बसवली आणि १९७६ साली ती मांडली. तेव्हापासून ठाऊक आहे, की माणसाने नीट वाचलेला कोड यंत्रावर चालण्याआधीच बरेचसे दोष ओकतो. पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने १९८१ पासून सॉफ्टवेअर घडवण्याच्या पद्धतींवर आणि कोड तपासणाऱ्या साधनांवर काम केलं. म्हणजे ही विद्या आपल्या अंगणातही आहे. तरीही अडीच हजार ओळींची पुल रिक्वेस्ट चार मिनिटांत ‘एलजीटीएम’ होते आणि तीस ओळींच्या रिक्वेस्टवर जागा सोडण्यावरून अकरा शेरे येतात. आमचा दंडक : चारशे ओळींवरची रिक्वेस्ट परत जाईल, लिहिणारा कितीही ज्येष्ठ असो. परत पाठवणाऱ्या फ्रेशरला त्याबद्दल स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही. एआय साधनांनी लिहिलेला कोड या दंडकातून सुटत नाही. उलट आता लिहिणं स्वस्त झालंय आणि वाचणं पूर्वीइतकंच महाग आहे, म्हणून वाचण्याचे तास एस्टिमेटमध्ये वेगळे दाखवले जातील. ज्याने साधनाकडून कोड लिहून घेतला त्याला तो ओळीओळीने समजावता आला पाहिजे. नाही आला, तर तो त्याचा कोड नाही.

आता एक गोष्ट खास आपली. आमच्या टेस्ट डेटात अजूनही ‘टेस्ट यूजर’, ‘एबीसी’ आणि ‘जॉन डो’ नांदतात. ज्या माणसासाठी ॲप बनवतो तो सातबाऱ्यावरचं नाव शोधतोय, कऱ्हाडे आडनावाने कर्जाचा अर्ज भरतोय. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव संगणकाला दहा चिन्हांचं आहे आणि यूटीएफ-८ मध्ये ते तीस बाइट घेतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. डेटाबेसचा रकाना वीस बाइटचा ठेवला असेल तर हे नाव एक तर नाकारलं जातं किंवा मधोमध तुटून शेवटी एक चौकोन उमटतो. ‘कऱ्हाडे’ची तऱ्हा त्याहून वाईट. त्यातला आडवा र एका कीबोर्डवरून ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत लागून येतो, दुसऱ्यावरून साध्या र ला हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लागून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन निरनिराळे शब्द. कारकुनाने एका पद्धतीने भरलेलं नाव शेतकरी दुसऱ्या पद्धतीने शोधतो आणि उत्तर मिळतं : नोंद आढळली नाही. कार्यालयात तो परत परत खेटे घालतो, आणि कुणालाच कळत नाही की दोष अदृश्य चिन्हात आहे.

हे शोधायला विद्वत्ता लागत नाही. नावांची एक यादी लागते, जी दर बिल्डला आपोआप चालते : ज्ञानेश्वर, कऱ्हाडे, ऱ्हस्व लिहिलेली आणि दीर्घ लिहिलेली आडनावं, मधलं नाव नसलेली माणसं, एकच नाव असलेली माणसं, वडिलांच्या जागी आईचं नाव लावणारी माणसं, देवनागरी अंकांत भरलेली जन्मतारीख. ही यादी आम्ही सगळे मिळून करू आणि खुली ठेवू. या चळवळीचं पहिलं ठोस काम हेच. ज्यांना जाहीरनामे आवडत नाहीत त्यांनी एवढ्यापुरतं तरी सामील व्हावं.

शेवटचं सामान : दोषांची वही. नासाच्या स्पेस शटलचं उड्डाणाचं सॉफ्टवेअर, सुमारे चार लाख वीस हजार ओळींचं, ह्यूस्टनमधल्या ज्या टीमने सांभाळलं तिचा लौकिक जवळपास निर्दोष कामाचा होता. तिथे दोष सापडला की तो दुरुस्त करून माणसं उठत नसत. तो शिरला कसा, कोणत्या तपासणीतून निसटला, ती तपासणी का फसली, आणि त्याच वाटेने आलेले त्याचे भाऊबंद आणखी कुठे दडलेत, हे सगळं लिहून काढलं जाई. बोल लागे तो पद्धतीला, व्यक्तीला नव्हे. आमच्याकडच्या आरसीएमध्ये ‘मूळ कारण’ या रकान्यात ‘मानवी चूक’ असं लिहून, खाली ‘संबंधितास समज देण्यात आली’ असं जोडतात. ‘मानवी चूक’ हे शब्द आमच्या वहीत चालणार नाहीत. माणूस चुकणार हे धरूनच पद्धत बांधायची असते.

आणि वही बंद ठेवायची नाही. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसच्या होरायझन या हिशोब-प्रणालीत दोष होते. ती बनवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंपनीकडे ज्ञात दोषांची नोंदवहीही होती. पण गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या खात्यात पैसे कमी दिसले की त्यांना सांगितलं जाई, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक चोरी आणि खोट्या हिशोबाचे गुन्हेगार ठरले, काही तुरुंगात गेले. २०१९ साली न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं, आणि २०२४ साली या शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला. हे सगळं चालू असताना त्या नोंदवहीत दोष लिहून ठेवणारे कुणीतरी आमच्यासारखेच पगारी इंजिनिअर होते. म्हणून ज्या दोषाने वापरणाऱ्याचा पैसा, नाव किंवा जीव धोक्यात येतो, तो वापरणाऱ्याला कळवला जाईल. कळवायला मॅनेजमेंटने मनाई केली तर ती मनाईही तारखेसह वहीत जाईल.

सुरुवात कशी करायची? येत्या स्प्रिंटपासून प्रत्येक टीमने एक पान तयार करावं. रिलीज कोण थांबवू शकतं, तर टीममधलं कुणीही. थांबवल्यावर फोन कुणाला करायचा, त्याचं नाव आणि नंबर. आणि थांबवणाऱ्याने नंतर, आधी नव्हे, दोन वाक्यांत काय लिहायचं. दोरी ओढल्याची नोंद ॲप्रेजलमध्ये जाणार नाही, हे त्या पानावर मॅनेजरच्या सहीने असावं. तोंडी आश्वासन चालणार नाही. जे आज कंत्राटं लिहितात त्यांनी वाचण्याचे, तपासण्याचे आणि रोलबॅकच्या सरावाचे तास किमतीत वेगळ्या ओळीवर दाखवावेत, म्हणजे घासाघीस करताना क्लायंटला नेमकं काय कापतोय ते दिसेल. आणि परदेशात क्लायंटच्या खुर्चीत बसलेल्या आमच्या बांधवांना विनंती : इकडून कुणी पहाटे रिलीज थांबवला तर ‘ईटीए काय’ विचारण्याआधी ‘काय दिसलं’ असं विचारा.

या जाहीरनाम्यावर सही करताना कंपनीचं नाव लिहू नये. मॅनेजरांनाही सही करता येईल, फक्त त्याआधी त्यांच्या टीमचं पान भिंतीवर लागलेलं असावं आणि गेल्या तीन महिन्यांत कुणी, केव्हा थांबवलं हे त्याखाली लिहिलेलं असावं. तीन महिन्यांत एकदाही कुणी थांबवलं नसेल, तर सही करण्याआधी टीममधल्या सर्वांत नव्या माणसाला बाजूला घेऊन, का ते विचारून यावं.